दरी आणि खोरे : एका पारिभाषिक संज्ञेचा अर्थविचार

पारिभाषिक संज्ञांची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘या इंग्रजी शब्दाला मराठी पर्याय कोणता’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि पर्याय सापडला की तेथेच संपते. मूळ शब्द स्वतः एक आहे की अनेक, एका शास्त्रातून दुसऱ्या शास्त्रात जाताना त्याने दर्शविलेली वस्तू तीच राहते की पालटते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात अशा एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. शब्द अगदी साधा, शाळकरी मुलालाही ठाऊक असलेला असा आहे : ‘व्हॅली’. भूगोल, भूशास्त्र, अणुकेंद्रीय पदार्थविज्ञान, अर्धसंवाहकांचे शास्त्र, रसायन, गणित, यंत्रमानवविद्या आणि बांधकाम इतक्या ठिकाणी तो आज संज्ञा म्हणून वावरतो. या सर्व ठिकाणी त्याला मराठीत ‘दरी’ म्हणावे असा एक सर्वसाधारण कल दिसतो. हा कल चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे केवळ रुचीची नाहीत.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका किरकोळ प्रसंगाने. अनुवादाच्या वर्गात पदार्थविज्ञानाच्या एका पदवीधराने अणुकेंद्रांच्या स्थैर्यासंबंधीचा एक उतारा मराठीत करून आणला व वाचून दाखविला. त्यात ‘स्थैर्याची दरी’ असा प्रयोग तीन-चार वेळा आला होता. वाचन संपल्यावर साहित्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, म्हणजे मधली काही अणुकेंद्रे अस्थिर असतात आणि तेथे स्थैर्यात खंड पडतो, असेच ना?” वर्गात हशा पिकला; परंतु चूक तिची नव्हती. ‘दोन पिढ्यांतील दरी’, ‘श्रीमंत-गरिबांतील दरी’ असे प्रयोग नित्य कानांवर पडणाऱ्या मराठी माणसाने ‘स्थैर्याची दरी’ या शब्दांतून दुसरे काय समजावे? मूळ संज्ञेचा अर्थ याच्या नेमका उलट आहे. स्थिर अणुकेंद्रे त्या दरीतच असतात. अस्थिर असतात ती तिच्या उतारांवर. म्हणजे अनुवादाने अर्थ पुसट केला नव्हता, उलटा केला होता.

असे का झाले हे पाहण्यासाठी प्रथम मराठीची स्वतःची व्यवस्था पाहिली पाहिजे. इंग्रजीतील त्या एका शब्दाच्या क्षेत्रात मराठीत निदान दोन ठळक शब्द नांदतात, दरी आणि खोरे. घळ, घळई, खिंड, नाळ ही भोवतालची मंडळी निराळी. दरी आणि खोरे यांतील भेद आकारमानाचा आहे, दरी लहान व खोरे मोठे, असे वरवर पाहता वाटते. ते पुरेसे खरे नाही. दोन्ही शब्दांबरोबर कोणती क्रियापदे येतात ते पाहिले म्हणजे भेद स्पष्ट होतो. दरीत माणूस कोसळतो, दरी ओलांडावी लागते, दरी रुंदावते, ती बुजविता येते किंवा येत नाही. खोऱ्यात गाव वसते, नदी वाहते, पीक येते, आणि घाट उतरून आपण खोऱ्यात येतो. ‘बस खोऱ्यात कोसळली’ असे कोणी बातमीदार लिहिणार नाही, आणि ‘आमचे घराणे मूळचे मुठेच्या दरीतले’ असे कोणी मावळकर म्हणणार नाही. दरी काठावर उभे राहून पाहिली जाते. खोरे आत राहून. दरीच्या कल्पनेत आडवा छेद मुख्य आहे : हा कडा, तो कडा आणि मधली पोकळी. खोऱ्याच्या कल्पनेत लांबी मुख्य आहे : उगमापासून खाली खाली जाणारा प्रवाह आणि त्याच्या दोहों अंगांची वस्ती.

व्युत्पत्तीही याला अनुकूल आहे. संस्कृत ‘दरी’ हा शब्द विदारणार्थक ‘दॄ’ धातूपासून आलेला असून तेथे त्याचा अर्थ मुख्यतः गुहा, कपार असा आहे; कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील दरीगृहे ही गुहाच होत. मराठीत अर्थ पालटला, तरी फाटलेपणाची, दुभंगाची छटा शब्दाला चिकटून राहिली. ‘पिढ्यांतील दरी’ हा लाक्षणिक प्रयोग इंग्रजी वळणाच्या छायेत वाढला असेल. पण त्यासाठी मराठीने हाच शब्द निवडला आणि ‘खोरे’ निवडला नाही, हे आकस्मिक नव्हे. (‘खोऱ्याने पैसा ओढणे’ या वाक्प्रचारातील खोरे हे अवजार आहे. तो निराळा शब्द. त्याने आजवर कोणाचा घोटाळा केलेला नाही.)

हा भेद व्यवहारात किती काटेकोरपणे पाळला जातो याचे उत्तम उदाहरण नर्मदेचे आहे. नर्मदा खचदरीतून वाहते असे भूगोलाची पुस्तके सांगतात. आणि तीच पुस्तके पुढच्या पानावर नर्मदा खोऱ्यातील पिके, माणसे व धरणे यांविषयी बोलतात. भूमी एकच. भूकवचाच्या रचनेविषयी बोलताना, म्हणजे दोन भ्रंशांमधील भाग खाली खचला या घटनेविषयी बोलताना, मराठी ‘दरी’ वापरते. नदी आणि तिच्या आधाराने चाललेले जीवन यांविषयी बोलताना ‘खोरे’ वापरते. नदीने कोरलेल्या दरीचा आकार इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आणि हिमनदीने कोरलेल्या दरीचा ‘यू’ अक्षरासारखा असतो, हे आपण शाळेत शिकतो. तेथेही विषय आडव्या छेदाचाच असतो, म्हणून शब्द ‘दरी’. १९३३ साली अमेरिकेत टेनेसी नदीसाठी आणि १९४८ साली आपल्याकडे दामोदर नदीसाठी जी प्राधिकरणे स्थापन झाली, त्यांच्या इंग्रजी नावांत ‘व्हॅली’ हाच शब्द आहे. मराठीत मात्र आपण ‘दामोदर खोरे’ म्हणतो. येथे कोणा समितीने निर्णय देण्याची गरज पडली नाही. भाषेनेच तो दिला. ‘खचदरी’ ही संज्ञा तर, माझ्या मते, मराठीतील सर्वोत्तम पारिभाषिक घडणींपैकी एक आहे. दोन घरगुती शब्दांत वस्तूचा आकार आणि तिचे कारण दोन्ही सांगून ती मोकळी होते.

या ‘खचदरी’ची एक लांबची बहीण समुद्रतळाशी आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत मेरी थार्प यांनी अटलांटिक महासागराच्या खोलीच्या नोंदींवरून तळाचे छेद काढले, तेव्हा मध्यवर्ती पर्वतरांगेच्या माथ्यावरच एक लांबच लांब खाच त्यांना आढळली. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी हा निष्कर्ष प्रथम फेटाळला होता; कारण तो मान्य केल्यास खंडांच्या अपवहनाच्या तेव्हा बदनाम असलेल्या कल्पनेला बळ मिळत होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ही ‘व्हॅली’ डोंगराच्या पायथ्याशी नाही, शिखरावर आहे. तिच्यातून नदी वाहत नाही, ती स्वतःच पाण्याखाली आहे. तिच्यात कोणी वसत नाही. उरतो तो केवळ दुभंग. मराठीत तिला खोरे म्हणणे कोणालाही सुचणार नाही, आणि ‘दरी’ मात्र चपखल बसेल.

आता भूमी सोडून जेथे शब्द पूर्णपणे लाक्षणिक झाला आहे त्या क्षेत्रांकडे वळू. आपल्या साहित्यशास्त्राने लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन अशा अटी सांगितल्या आहेत. अणुकेंद्राच्या संदर्भात मुख्यार्थाचा बाध उघडच आहे. प्रश्न आहे तो संबंधाचा : मूळ वस्तूचा कोणता गुण उचलला? आणि येथेच शास्त्राशास्त्रांत फरक पडतो.

अणुकेंद्रांचा नकाशा अशी कल्पना करावी की एका अक्षावर प्रोटॉनांची संख्या आहे, दुसऱ्यावर न्यूट्रॉनांची, आणि प्रत्येक ठिकाणी त्या अणुकेंद्राची ऊर्जा उंची म्हणून दाखविली आहे. फोन वायत्सेकर यांनी १९३५ साली मांडलेल्या सूत्रावरून असे दिसते की, प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या कायम ठेवून त्यांचे प्रमाण बदलीत गेल्यास ऊर्जेचा आलेख एका परवलयाचा आकार घेतो. त्याच्या तळाशी स्थिर अणुकेंद्र असते; दोहों बाजूंच्या उतारांवरील अणुकेंद्रे बीटा कणांच्या उत्सर्जनाने पायरीपायरीने तळाकडे उतरतात. असे छेद एकापुढे एक मांडले की तळांची एक लांब, किंचित वाकलेली रेषा तयार होते. हलक्या मूलद्रव्यांत ती दोन्ही संख्या समान असण्याच्या रेषेवरून जाते. पुढे न्यूट्रॉनांकडे कलते, आणि शिशाच्या २०८ अणुभारांकाच्या स्थिर समस्थानिकात ८२ प्रोटॉनांस १२६ न्यूट्रॉन भरतात. या रेषेचा तळही सपाट नाही. दर कणामागील ऊर्जेच्या हिशेबाने तो दोन्ही टोकांकडून लोखंड-निकेलच्या प्रदेशाकडे उतरत जातो.

या वर्णनातील क्रियापदे पाहावीत : उतरणे, वसणे, तळाशी येऊन स्थिरावणे, लांबवर जाणे. ही सारी खोऱ्याची क्रियापदे आहेत. काठ ओलांडण्याचा वा मध्ये खंड पडण्याचा येथे संबंधच नाही. ‘स्थैर्याचे खोरे’ असे म्हटले असते तर आमच्या वर्गातील प्रश्न उद्भवला नसता. नामाचा पर्याय ठरविताना नामाकडे पाहत बसण्यापेक्षा त्याच्याबरोबरच्या क्रियापदांकडे पाहावे, असे माझे म्हणणे आहे ते याच अर्थाने.

जाता जाता एक विसंगती नमूद करावीशी वाटते, कारण तिच्यावरून रूपकांचे राज्य शास्त्रातही किती स्वैर असते ते दिसते. याच नकाशाचे दुसरे एक चित्र अणुकेंद्रशास्त्रज्ञांत रूढ आहे. ग्लेन सीबॉर्ग यांनी त्याचा विशेष प्रसार केला. त्यात अस्थैर्याचा समुद्र आहे, त्यातून वर आलेले स्थैर्याचे द्वीपकल्प आहे, आणि पलीकडे अतिजड मूलद्रव्यांचे संभाव्य बेट आहे. म्हणजे एका चित्रात स्थैर्य सर्वांत खोल जागी आणि दुसऱ्यात सर्वांत उंच जागी! शास्त्रज्ञांना याचा त्रास होत नाही, कारण त्यांना समीकरण ठाऊक असते. जो केवळ भाषेच्या आधाराने विषयात शिरू पाहतो, त्या विद्यार्थ्याला मात्र होतो. आणि मराठीतून शास्त्र शिकणारा विद्यार्थी आरंभी तरी असाच असतो.

यापेक्षाही कठीण, आणि म्हणून अधिक उद्बोधक, प्रकरण अर्धसंवाहकांचे आहे. येथे एकाच ग्रंथात, कधी एकाच प्रकरणात, हा शब्द दोन अगदी भिन्न अर्थांनी येतो. लिओ इसाकी यांनी १९५७ साली जपानमध्ये जर्मेनियमच्या अतिशय अशुद्धीयुक्त जोडांवर प्रयोग करताना टनेल डायोडचा शोध लावला. १९७३ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना त्याबद्दल वाटा मिळाला. या उपकरणातील विद्युत् दाब शून्यापासून वाढवीत नेला की प्रवाह प्रथम वाढतो, एका शिखरास पोचतो, मग दाब वाढत असतानाच कमी होतो, आणि पुन्हा वाढू लागतो. ज्या बिंदूपाशी तो पुन्हा वाढू लागतो त्यास ‘व्हॅली’ म्हणतात, आणि शिखर-प्रवाहाचे या प्रवाहाशी असलेले गुणोत्तर हे उपकरणाच्या गुणवत्तेचे माप मानतात.

दुसरे उपकरण जे. बी. गन यांच्या नावाने ओळखले जाते. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर दर सेंटिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्टांहून अधिक क्षेत्र लावल्यास त्यातील प्रवाह अतिशीघ्र आंदोलने करू लागतो, असे त्यांना १९६३ साली आढळले. याचे कारण रिडली व वॉटकिन्स यांनी १९६१ मध्ये आणि हिल्सम यांनी १९६२ मध्ये आधीच सुचविले होते. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्यांच्या संवेगानुसार बदलते, आणि या ऊर्जेच्या प्रदेशात अनेक सखल जागा असतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये मधल्या सखल जागेत इलेक्ट्रॉन फार हलका, मोकळ्या इलेक्ट्रॉनाच्या जेमतेम पंधराव्या हिश्श्याइतक्या वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो. बाजूच्या, सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीवरील जागांत तो जड होतो. तीव्र क्षेत्राने तापलेले इलेक्ट्रॉन मधून निघून बाजूच्या जागांत जाऊन राहतात, जड होतात, त्यांचा वेग मंदावतो आणि प्रवाह घटतो. या सखल जागांनाही ‘व्हॅली’च म्हणतात.

दोन्ही उपकरणांचे वैशिष्ट्य एकच, दाब वाढला असता प्रवाह कमी होणे, म्हणजे ऋण रोध. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत ती शेजारी शेजारी येतात. परंतु पहिल्या ठिकाणी ‘व्हॅली’ ही परिणामाच्या आलेखात आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती कारणात आहे. पहिली कागदावरच्या वक्ररेषेतील एक बिंदू आहे. तिच्यात काही राहत नाही, तिच्यातून काही वाहत नाही, तिला लांबी नाही. दुसरी इलेक्ट्रॉनांची वसतिस्थाने आहेत. त्यांची लोकसंख्या मोजतात, एकीतून दुसरीत होणारे स्थलांतर मोजतात. दोहोंना ‘दरी’ म्हणणारा मराठी ग्रंथकार विद्यार्थ्यास विनाकारण संकटात लोटतो. इंग्रजी ग्रंथकारही लोटतोच. पण त्याचा नाइलाज आहे. आपला नाही.

पहिल्या अर्थासाठी ‘तळ’ किंवा ‘नीचांक’ हे शब्द सुचतील. ते मला सदोष वाटतात. टनेल डायोडमध्ये दाब शून्य असताना प्रवाहही शून्यच असतो. तेव्हा हा बिंदू सर्वांत नीच मुळीच नव्हे, फक्त आसपासच्या मानाने खालचा. अशा सापेक्ष खोलगटपणासाठी बोलीत ‘खळगा’ हा नेमका शब्द आहे. घाटमाथ्यावरच्या रस्त्यालाही खळगा पडतो, त्यासाठी त्याने समुद्रसपाटीस जावे लागत नाही. ‘शिखर-प्रवाह’ आणि ‘खळगा-प्रवाह’ ही जोडी कानाला थोडी गावंढळ वाटेल हे मी मान्य करतो. संवयीने ते जाईल.

दुसऱ्या अर्थासाठी ‘खोरे’ चालेल काय? सिलिकॉनच्या संवहन-पट्टात अशा सहा समान जागा आहेत व जर्मेनियमच्या चार. सिलिकॉनमधील प्रत्येक जागेचा आकार लांबट आहे, कारण एका दिशेने इलेक्ट्रॉनाचे प्रभावी वस्तुमान इतर दोन दिशांच्या मानाने सुमारे पाचपट आहे. लांबटपणा आहे, वस्ती आहे. पण ही जागा चोहोंकडून बंद आहे, आणि खोरे कधी बंद नसते. नदीला बाहेर पडण्यास वाट असावीच लागते. म्हणजे येथे दरीही नाही आणि खोरेही नाही, लांबट वाडग्यासारखे काहीतरी आहे. या प्रश्नाकडे शेवटी पुन्हा येऊ. १९७१ साली पत्रकार डॉन हॉफ्लर यांनी आपल्या लेखमालेच्या शीर्षकात ज्या प्रदेशाला ‘सिलिकॉन व्हॅली’ म्हटले व ते नाव जगभर पसरले, तेथे तरी शब्द निखळ भौगोलिक आहे : सांता क्लाराचे ते खोरेच. सिलिकॉनच्या पोटात सहा आणि सिलिकॉनवर पोसलेली ही सातवी, असे एका सहाध्यापकाने विनोदाने म्हटले होते.

रूपकाचा सर्वांत डौलदार संसार मात्र रसायनात आढळतो. हायड्रोजनचा एक अणू हायड्रोजनच्या रेणूवर आदळून त्यातील एकाची जागा घेतो, या साध्या अभिक्रियेसाठी आयरिंग व पोलान्यी यांनी १९३१ साली ऊर्जेचा पृष्ठभाग काढला. त्यात अभिक्रियेपूर्वीची स्थिती हे एक लांब खोरे आहे व नंतरची स्थिती हे दुसरे. तिन्ही अणू सुटे झाल्याची स्थिती हे उंच पठार. आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये, पठारावर न चढता ओलांडता येईल अशी एक खिंड. अभिक्रियेला लागणारी ऊर्जा म्हणजे स्थूलमानाने त्या खिंडीची चढण. ज्याने पवन मावळातून निघून खिंड चढून शेजारच्या खोऱ्यात पाऊल टाकले आहे, त्याला हा पृष्ठभाग समजावून सांगण्यास सूत्रांची फारशी गरज पडू नये. येथे ‘एका दरीतून दुसऱ्या दरीत’ असे भाषांतर केले की सारे चित्र कोसळते. कारण दरीत कोणी मुक्कामाला नसतो. गणितातही असेच आहे. किमान मूल्य शोधण्याच्या रीती पारखण्यासाठी रोझेनब्रॉक यांनी १९६० साली जे फलन सुचविले, त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यातील अरुंद, वळणदार सखल पट्टा चटकन सापडतो, पण त्या पट्ट्यातून वाट काढीत सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत पोचणे कठीण जाते. सर्वाधिक उताराच्या दिशेने जाणारी रीत या काठावरून त्या काठावर आदळत मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. येथे खोरे सापडणे वेगळे आणि त्याचा तळबिंदू गाठणे वेगळे. टनेल डायोडमध्ये ‘व्हॅली’ आणि किमान बिंदू ही एकच गोष्ट होती, येथे त्यांचा विरोध हाच मुद्दा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या संशोधनात चुकीच्या मोजमापाचे जे बहुमितीय प्रदेश कल्पिले जातात, त्यांतही शब्द बहुधा याच अर्थाने येतो.

यंत्रकामात पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजताना उंचवटे व खाचा असे शब्द पुरतात. बांधकामात दोन उतरती छपरे आतल्या कोनात जेथे मिळतात त्या रेषेस इंग्रजीत हाच शब्द आहे. पावसाचे पाणी तेथून वाहते, म्हणून ती पन्हळ. या दोहोंवर अधिक वेळ खर्च करण्याचे कारण नाही.

‘दरी’ हा शब्द सर्वत्र अपात्र आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एका लेखात असे मांडले की, यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते तसतशी त्याच्याविषयीची आपली आपुलकी वाढते. पण साम्य जवळजवळ पूर्ण होत आले असता ती एकाएकी ओसरते व तिची जागा शिसारीने घेतली जाते. या घसरणीस त्यांनी ‘बुकिमी नो तानी’ म्हटले. ‘तानी’ म्हणजे दरीच. आलेखाच्या दृष्टीने हा इसाकींच्या आलेखासारखाच खळगा. तरीही येथे ‘खळगा’ म्हणणे रसभंगाचे होईल. काठावरून अचानक कोसळण्याचे भय, आणि पलीकडचा काठ दिसत असून तेथे पोचता न येणे, हे सारे मोरींना अभिप्रेत आहे. ‘अस्वस्थतेची दरी’ हा पर्याय मला मूळ कल्पनेइतकाच समर्थ वाटतो. प्रयोगशाळेतील शोध बाजारात पोचण्यापूर्वी पैशाअभावी जेथे मरून पडतात त्या टप्प्यास ‘मृत्यूची दरी’ म्हणतात. तेथेही ओलांडणे हेच क्रियापद आहे, म्हणून शब्द योग्यच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ऑस्ट्रियाचे ऑयगेन व्युस्टर यांनी १९३१ च्या आपल्या प्रबंधापासून पुढे जो परिभाषाविचार मांडला, त्याचा आदर्श एका संकल्पनेस एक संज्ञा हा आहे. आपल्याकडील कोशकार्यही साधारणतः याच विचाराला जवळचे आहे. मग एका शब्दास दरी, खोरे, खळगा, द्रोणी असे चार पर्याय दिल्यास अराजक माजणार नाही काय? माझे उत्तर असे की, व्युस्टर यांनी एका संकल्पनेस एक संज्ञा म्हटले, एका इंग्रजी शब्दास एक मराठी शब्द असे म्हटले नाही. मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली अनेकार्थतेला नाव दिले, तेव्हापासून निदान भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी शब्द आणि संकल्पना यांची गल्लत करू नये. दुसऱ्या भाषेतील अनेकार्थता जशीच्या तशी आयात करणे ही एकरूपता नव्हे. आक्षेपाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे : पुढे इंग्रजीतच वाचावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला चार मराठी शब्दांमागे एकच इंग्रजी शब्द आहे हे कसे कळावे? ही अडचण खरी आहे, आणि कोशात परस्परनिर्देश देण्याखेरीज तिच्यावर मला उपाय दिसत नाही.

हिंदीतील ‘घाटी’ उचलावा हे म्हणणे तर विचारातही घेण्याजोगे नाही. मराठीत घाट म्हणजे चढण. घाटी म्हणजे चढणीची अवघड वाट, किंवा मुंबईत घाटावरच्या माणसाला हिणवण्यासाठी वापरलेला शब्द. सखल जागेसाठी चढणीचा शब्द घेणे ही उलटापालट ‘स्थैर्याच्या दरी’पेक्षाही वरचढ ठरेल. संस्कृतातून ‘उपत्यका’ घेता येईल. पाणिनीने हा शब्द ‘अधित्यका’ या शब्दासह सिद्ध केला आहे. एक पर्वताच्या लगतची भूमी, दुसरी पर्वतावरची. पण लगतची भूमी म्हणजे दोन उंचवट्यांमधली भूमी नव्हे, आणि मराठी कानाला शब्द परका आहे.

उरतो तो ‘द्रोणी’. संस्कृतात तो लांबट, खोलगट पात्राला आणि पर्वतांमधील सखल प्रदेशाला, दोहोंना लागतो. ‘देहरादून’मधील ‘दून’ त्याचाच वंशज. आणि पत्रावळीबरोबरचा द्रोण ज्याने हातात धरला आहे त्या कोणाही मराठी माणसाला त्याचा आकार समजावून द्यावा लागत नाही : चोहोंकडून बंद, तळाशी खोल, आत काहीतरी साठवून ठेवणारा. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या जागांसाठी मला हाच शब्द सर्वांत योग्य वाटतो. समासातही तो सहज वळतो. ‘खोरे’ येथे अडखळतो. ‘आंतरखोरी प्रकीर्णन’ ऐकवत नाही, ‘आंतरद्रोणी प्रकीर्णन’ ऐकवते. सिलिकॉन हा ‘षड्द्रोणी’ अर्धसंवाहक म्हणता येईल. २०१२ साली मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकपदरी थरांत वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाने इलेक्ट्रॉन दोनपैकी एकाच द्रोणीत भरता येतात असे प्रयोगांनी दिसून आले, आणि इलेक्ट्रॉन कोणत्या द्रोणीत आहे यावरच माहिती साठविण्याच्या विद्येला ‘व्हॅलीट्रॉनिक्स’ असे नाव रूढ झाले आहे. ते नाव भाषांतरित करण्याचे धाडस मी करीत नाही. ‘द्रोणी’विरुद्ध एकच गोष्ट सांगता येईल : हवामानशास्त्रात कमी दाबाच्या लांबट पट्ट्यासाठी तो शब्द हिंदीच्या द्वारे येऊ लागला आहे. दोन शास्त्रे इतकी दूर आहेत की संघर्षाची भीती मला वाटत नाही. पण याचा निवाडा भाषेच्या अध्यापकाने एकट्याने करावयाचा नाही. पदार्थविज्ञान विभागातील सहकाऱ्यांनी पुढील सत्रात एखाद्या वर्गात हे शब्द योजून पाहावेत, आणि विद्यार्थी कोठे अडखळतात ते आम्हांस कळवावे.